फोनला कल्ले नसतात

ती फोन नाकानं उचलायची.

हसू नका. तुमचे दोन्ही हात मनगटापर्यंत बोंबलाच्या पाण्यात आहेत, समोर गिऱ्हाईक "माझे आधी, माझे आधी" म्हणून नाचतंय, आणि फळीच्या कडेला टेकवलेला फोन वाजायला लागलाय. तुम्ही काय कराल? ती कमरेत वाकायची, मान पुढे काढायची, श्वास रोखायची आणि नाकाच्या शेंड्यानं त्या काचेवर खालून वर एक रेघ ओढायची. फोन सुरू व्हायचा. मग ती ताठ व्हायची, खांद्याला नाक पुसायची आणि पलीकडचा माणूस तोंड उघडायच्या आत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "थू! घान मेली!"

पलीकडच्यांचा गैरसमज व्हायचा. स्पीकरवरून कर्ज हवं का म्हणून विचारणाऱ्या एका गोड आवाजाच्या मुलीनं तर घाबरून "सॉरी मॅडम" म्हटलं होतं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, कारण माझं दुकान तिच्या फळीच्या बरोबर समोर.

डोंबिवली पूर्वेला, बाजाराच्या गल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ती समोरच्या फुटपाथवर मासे घेऊन बसायची. जात आगरी, गाव खाडीकाठचं. मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे आता उंच इमारती आणि त्यांच्या पोटात पोहण्याचे तलाव. पण ही बाई पहाटे उठून पाटी भरायची ती भरायचीच. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला 'मोबायल' म्हणायची. "ए मोबायल, चाय सांग!"

आम्हा दोघांचा धंदा तसा एकच. पोट फाडायचं, आतली घाण काढायची, परत द्यायचं. आणि खरं सांगतो, तिच्या माशांच्या पोटात जे निघायचं ते माझ्या फोनांच्या पोटापेक्षा कितीतरी सोज्वळ. तुम्ही ज्याला गालाशी धरता, उशाशी घेऊन झोपता, ज्याच्यावर लेकराचा पापा घेता, त्याच्या स्पीकरची जाळी मी ब्रशनं साफ करतो. कानातला मळ, खोबरेल तेल, कणीक, कुंकू, मागच्या दिवाळीची चकली. एका सद्गृहस्थांच्या फोनमधून झुरळ निघालं होतं, सहकुटुंब. म्हणून तिचं ते "थू" मला कधी परकं वाटलं नाही. ती बोलायची, मी व्यवसायामुळे गिळायचो.

दिसायला कशी होती? आडव्या हाडाची, नऊवारी घट्ट कसलेली, अंबाड्यात एक अबोलीचा गजरा, आणि हनुवटीवर गोंदण. हिरवे ठिपके, मध्ये एक, भोवती गोल. लहान असताना कुठल्याशा जत्रेत तिनं आणि तिच्या थोरल्या बहिणीनं एकाच बाईकडून, एकाच बैठकीत गोंदून घेतलं होतं. थोरलीला ती 'बाय' म्हणायची. बायला शहाडला दिलेली. पण नवरे, मुलं, सासरं सगळं सांभाळून या दोघी वर्षानुवर्षं याच फुटपाथवर एकाच गोणपाटावर बसायच्या. बाय भाव सांगायची, ही कापायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि एकाच वेळी हनुवटी वर करायच्या. गिऱ्हाईक गप्प.

तेव्हा तिच्याकडे बटणांचा फोन होता. त्याच्यावर तिचा फार जीव. चोळीत खोचायची, पाण्यात पडला तर झटकायची, एकदा तर चिंबोरीनं नांगीत धरलेला तो सोडवून तिनं तसाच कानाला लावला. मी म्हणायचो, "मावशी, आता बदल की." ती म्हणायची, "कनाला बदलू? दाबला का दाबल्यासारखा लागतंय. बोटाला कलतंय."

मग बायला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बायचा मुलगा बडोद्याला नोकरीला. तो आईला तिकडे घेऊन गेला. चांगला मुलगा, आईची सेवा करणारा. पण बघा, जी बाई बोलू शकत नाही, तिला बटणांच्या फोनवरून फोन करून काय करायचं? ही इकडून "बाय, जेवलीस का गं?" विचारायची आणि कानाला लावून उभी राहायची. तिकडून नुसता श्वास. ही तो श्वास ऐकत उभी राहायची आणि समोरचं गिऱ्हाईक "अहो, कोलंबी?" म्हणत कंटाळून निघून जायचं.

एका सकाळी रस्ता ओलांडून ती दुकानात आली. हात पदराला पुसले. "मोबायल, तो तोंड दिसतंय तसला दे."

मी माझा नेहमीचा प्रयोग सुरू केला. मोठा पडदा, चांगला कॅमेरा, दिवसभर चालणारी बॅटरी! दोन हात पसरून मी फोनचे गुण गायला लागलो की नवरदेवाकडचे मध्यस्थ माझ्यापुढे झक मारतात. तिनं मला पुरं बोलू दिलं. मग तो फोन हातात घेतला आणि मासा बघावा तसा बघितला. अंगठ्यानं पोट दाबलं. उलटा केला. कडेला नख लावून काहीतरी उघडतंय का पाहिलं. आणि शेवटी नाकाशी नेला.

"याला कल्लं कुटं हायत?"

"मावशी, फोनला कल्ले नसतात."

"मंग ताजा का शिला, वलखायचा कसा? वास नाय, डोला नाय, दाबला तर दबत नाय. आनि तू गुन सांगतंस." तिनं तो काउंटरवर ठेवला. पुन्हा उचलला. काचेवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. ते बघून तिनं तोंड असं केलं की मी आजही आरशात तसं करून बघतो, जमत नाही. "शी! पुस आदी. मग दे."

तर असा तो फोन तिच्या घरात गेला, आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत त्याच्या गुणदोषांची रोज सकाळी सुनावणी सुरू झाली.

दोषांची बाजू भक्कम होती. ओल्या बोटाला तो ओळख देत नाही. कोरड्या बोटाला देतो, पण तिची बोटं कोयत्यानं, मिठानं आणि बर्फानं इतकी निबर झालेली की त्यांनाही देत नाही. म्हणून तर नाक. खवला चिकटला की आपलं आपण कुणालातरी फोन लावतो. एकदा एका पापलेटच्या शेपटीनं तिच्या व्याह्यांना तीन वेळा फोन केला आणि घरी जाऊन तिला सांगावं लागलं की मला काहीच बोलायचं नव्हतं, पापलेटला होतं. व्याही अजून विश्वास ठेवत नाहीत.

उन्हाळ्यात तो तापायचा. तापलेल्या वस्तूचं काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं तो सरळ थर्माकोलच्या खोक्यात, बर्फात, सुरमईच्या शेजारी पुरला. दुपारी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या आतून पाणी गळत होतं.

"मावशी! बर्फात घालतात का?"

"तापला व्हता! ताप आल्यावर तुजी आय तुज्या कपालावर काय ठेवायची, निखारा?"

मी तो उघडला, वाळवला, वाचवला. आतून जो वास आला त्याचं वर्णन मी करणार नाही. जेवून वाचत असाल.

गुणांच्या बाजूला एवढंच की त्याच्या दिव्याच्या उजेडात माशाचे कल्ले स्वच्छ दिसतात. आणि बंद असला की कुंकू नीट करायला बरा. "आरसा म्हनून चांगला हाय," ती म्हणायची, "पन आरसा असा मधीच वरडत नाय."

पण तिचा खरा राग फोनवर नव्हता, फोनवाल्यांवर होता. नाकाला रुमाल लावून "वास किती येतोय" म्हणणारी एक बाई रोज यायची. एका हातानं रुमाल, दुसऱ्या हातानं फोनवर बोट सरकवणं. मावशीनं एकदा बोंबील सोलता सोलता विचारलं, "ताई, यो फोन मोरीत नेतंस?" बाई गडबडली. "संडासात?" बाईनं फोन पर्समध्ये टाकला. "आनि परत त्याच हातानं जेवतंस. माजा बोंबील धुतला का साफ होतंय हां. तुजा यो कवा धुतंस?" बाई गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, रुमालाशिवाय. बोंबील ताजे असतात हो तिचे.

एक तरुण यायचा, तो फुटपाथवर उभा राहूनच फोन पुढे धरून विचारायचा, "मावशी, बायकोला मासे दाखवायचेत, फोटो काढू?" ती कोयता वर धरून म्हणायची, "काढ. आनि फोटोच शिजव."

नवरात्रात ती ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला गेली. दरवर्षी दोघी बहिणी ओटी घेऊन जायच्या. या वर्षी एकटी. परत आली ती धुमसत. "देवी दिसलीच नाय रं मोबायल. म्होरं सगल्यांचं हात वर, हातात फोन. फोनात देवी, त्या फोनाच्या म्होरं दुसरा फोन, त्यात पन देवी. येवढीशी. मी ओटी कुनाला दावू, त्या काचंला?" मी म्हटलं, मग तूही काढायचास फोटो, बायला दाखवायला. तिनं फोन बाहेर काढला. मग म्हणाली, "काढला. हालला. नुसता लाल आलंय." आणि तिनं मला तो दाखवला. खरंच नुसतं लाल होतं. पण तिनं तो पुसला नव्हता.

सकाळी बाजार भरायच्या आधी ती बायला फोन लावायची. हे मात्र बघण्यासारखं असायचं. फोन डब्याला टेकवून ती पाटीतला एकेक मासा शेपटीला धरून वर करायची, जणू दागिने दाखवतेय. "ही बग कोलंबी. ही बोय. यो जिताडा, खाडीतला हां, तलावातला नाय!" पडद्यावर बाय. उशीला टेकलेली, तोंड एका बाजूला वाकलेलं, पण डोळे असे की माल नापसंत पडला की इकडे तिच्या मागे चहा घेऊन उभ्या असलेल्या मलाही कळायचं. मग बाय डावी हनुवटी, म्हणजे हनुवटी अशी डावीकडून जरा वर करायची. हनुवटीची तेवढीच बाजू हलत होती. ही लगेच आपली वर करायची. झाला बाजार सुरू. बडोद्याच्या त्या इमारतीत मासे शिजवायला बंदी. बायला दिवसभरात मासा दिसायचा तो एवढाच, काचेतला.

आणि एका सकाळी बायनं तोंड फिरवलं.

हिनं जिताडा वर धरलेला, आणि बायनं काचेकडे एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाय रडायला लागली, आवाज न करता. भाच्यानं, म्हणजे बायच्या मुलानं, फोन बंद केला. मावशीनं त्या दिवशी कुणाशी घासाघीस केली नाही. लोक मागतील त्या भावाला मासे देत गेली. गल्लीला काहीतरी झालंय हे कळायला एवढं पुरे होतं.

दुपारी ती माझ्या काउंटरला येऊन उभी राहिली. "ती रुसली माज्यावर. ओटी भरताना तिचा नाव नाय घेतला मी, गर्दीत इसरले. तिला कललं."

"अगं, तिला कसं कळेल?"

"बहीन हाय ती."

मी म्हटलं, लाव बघू फोन माझ्यासमोर. तिनं लावला. पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात तिचं स्वतःचं तोंड उमटलं आणि मी बघतच राहिलो. गोरी! गुळगुळीत! लग्नाच्या मांडवातली करवली! कपाळावरच्या आठ्या गेलेल्या, उन्हानं रापलेले गाल गेलेले, आणि हनुवटी कोरी. साफ. कुणीतरी पुसून घेतल्यासारखी.

झालं होतं असं की फोन आदल्या आठवड्यात आपला आपण सुधारला होता. सुधारतात हल्ली, न विचारता. त्या सुधारणेत चेहरा सुंदर करायची सोय आपोआप चालू झाली होती. डाग दिसला की पुसायचा, हे तिचं काम. त्या सोयीला गोंदण हा डाग वाटला.

मी ते मावशीला समजावून सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं आपली हनुवटी बोटांनी चाचपून बघितली. आहे. मग त्या काचेत बघितलं. नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "माजं गोंदन खाल्लं रं यानं. तिला वाटलं असंल, कोन ही बया माज्या बहिनीच्या जाग्यावर बसलीय." आणि तिनं मान वळवून माझ्या दुकानासमोरच्या गटारात थुंकलं. इतकी मनापासून किळस मी आयुष्यात पाहिली नाही. आणि मी झुरळांचं कुटुंब पाहिलेला माणूस आहे.

मी ती सोय बंद केली. ताबडतोब. आठ्या आल्या, काळपटपणा आला, हिरवे ठिपके आले. भाच्याला सांगितलं, आईला परत दाखव.

भाच्यानं फोन बायच्या अगदी जवळ नेला. बाय आधी बघेना. मग बघितलं. मग बघतच राहिली. तिच्या डाव्या हाताची बोटं चादरीवरून उठली आणि आमच्या दिशेनं यायला लागली. मोठी होत होत आली. पडदाभर बोट झालं. मावशीनं आपली हनुवटी पुढे केली, जणू खरंच कुणी हात लावणार आहे.

आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला. पुन्हा बोट आलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं. हनुवटी पडद्याच्या खालच्या बाजूला येते, आणि फोन तोडायचं लाल बटणही तिथेच असतं. बाय गोंदणाला हात लावायला जात होती आणि दर वेळी बोट त्या लाल बटणावर पडत होतं.

आता मी कारागीर माणूस, हार मानतो होय! मी म्हटलं, "मावशी, फोन खाली धर, म्हणजे हनुवटी वरच्या बाजूला येईल." तिनं धरला. हनुवटी वर आली, ठिपके छान दिसले.

"आनि माजं डोलं?"

डोळे पडद्याच्या बाहेर गेले होते.

"तिनं हनवटी बगायची का मना बगायचं?" ती म्हणाली. मी अजून काहीतरी सुचवत होतो. भाच्याला फोन आडवा धरायला सांग, बायचा हात कुणीतरी धरून ठेवायला सांग. तेव्हा तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"र्‍हाऊ दे. वला हात नको, सुका हात नको. आता बहिनीचा पन हात नको. हात लावला का तुटतंय, असला कसला यो?" तिनं तो काउंटरवर ठेवला, दोन बोटांनी, मेलेला उंदीर ठेवावा तसा. "ठेव तुज्याकडं."

मला वाटलं दोन दिवसांत घेऊन जाईल. दोन दिवसांनी तिची फळी धुऊन कठड्याला उभी केलेली होती. ती कल्याणहून गाडी पकडून बडोद्याला गेली, असं तिच्या शेजारी बसणाऱ्या कोलंबीवालीनं सांगितलं. तिचा मुलगा नको म्हणत होता, सून नको म्हणत होती, कुणाचं बारसं नाही, लग्न नाही, कशाला जातेस, फोनवर बोल की. ती काही ऐकायला थांबली नाही. आता त्या जागेवर एक माणूस मोबाईलची कव्हरं विकतो. गिऱ्हाईक माझंच पळवतो, आणि मी त्याला काही बोलत नाही, कारण भांडायची माझी हौस मावशीबरोबरच गेली.

परवा भाच्याचा मला व्हिडिओ कॉल आला. "काका, बघा यांना," म्हणाला आणि त्यानं फोन फिरवला.

गॅलरी होती. दोघी खाली चटईवर बसल्या होत्या, बाय भिंतीला टेकून, ही तिच्याकडे तोंड करून, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. बायची बोटं हिच्या हनुवटीवर होती. एकेका ठिपक्यावरून फिरत होती, सावकाश, मोजत असावीत तशी. ही डोळे मिटून, मान पुढे काढून बसली होती. काही तुटत नव्हतं.

"मावशी," भाचा म्हणाला, "डोंबिवलीचे मोबाईलवाले काका आहेत बघा."

तिनं डोळे उघडले. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, म्हणजे त्या काचेकडे. आणि मग तिचा हात आला, मोठा होत होत आला, कापल्याच्या जुन्या खुणांसकट तो सबंध तळवा माझ्या पडद्यावर बसला आणि सगळं काळं झालं.

"बंद कर रं त्याला!"

काळोखातच, तिच्या मागून, कुणीतरी हसलं. भाच्याचा आवाज नव्हता तो, आणि तिचाही नव्हता.